बाटलीचा तळ

...अंगठा आत जातच नव्हता. कालही गेला नव्हता, परवा थोडासा गेल्यासारखा वाटला होता, पण परवा हात ओले होते आणि ओल्या हाताला सगळंच मऊ लागतं — एलिदाने ती संत्र्याच्या सरबताची प्लास्टिकची छोटी बाटली पुन्हा मुठीत धरली आणि पुन्हा दाबली. दगड. सगळ्या काचेच्या रांगेत ही एकटीच प्लास्टिकची. काच आपल्या पोटातलं काही सांगत नाही, म्हणून दर खेपेला एक अशी भरून ठेवायची असते. तिला चिमटा काढला की बाकीच्यांची तब्येत कळते. बाटली घट्ट झाली म्हणजे आत बुडबुडे धरले, बिअर जिवंत आहे. आणि फार घट्ट झाली म्हणजे... ते ह्या घरात कुणी विसरलेलं नव्हतं. पण चांगलं घट्ट कुठे संपतं आणि फार घट्ट कुठे सुरू होतं, हे अंगठ्याने कुणाला विचारायचं?

"काढ, आणखी काढ चिमटे," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "काळीनिळी पडेल बिचारी."

आई आज ऐंशीची झाली. गावाची दोन्या, म्हणजे बाईसाहेब, एतेल्विना. सकाळपासून केसांना कुरळे करायच्या नळ्या लावून, हातात माते ह्या कडू चहाचा पोकळ भोपळा धरून, ती घरभर हुकूम सोडत फिरत होती. दुपारी सगळे जेवायला यायचे होते — भाऊ ओस्वाल्दो, त्याची बायको मारिसा, कोकरू भाजायला टिटो मामा — आणि टेबलावर एलिदाने घरी केलेली बिअर जायची होती. त्यातली एकही बाटली तिने अजून उघडून पाहिली नव्हती. हिंमतच झाली नव्हती. उघडली आणि बिघडलेली निघाली तर आजपर्यंतचे दिवस काढायचे कसे? न उघडलेली बाटली निदान चांगली असू शकते.

करार साधा होता. करार म्हणजे आईने बोलायचं आणि एलिदाने मान डोलवायची. "माझ्या वाढदिवसाला आणखी एकदाच. चांगली झाली तर मागची खोली तुझी. नाही झाली तर सगळ्या बाटल्या दुकानात परत, तो हंडा पुन्हा चादरी उकळायला, आणि खोलीत माझ्या रास्पबेरीच्या जॅमच्या बरण्या. कळलं?" कळलं. न कळायला काय झालं. बावीस वर्षांचा संसार मोडून, नेउकेनहून दोन बॅगा घेऊन एल बोल्सोनला आईच्या दारात उभं राहिलेल्या बाईला सगळंच चटकन कळतं — कुठल्या खुर्चीवर बसायचं, कुणाच्या आधी उठायचं, कुठल्या कपातून प्यायचं... त्या घरात एलिदाचं म्हणावं असं एवढंच होतं, एक कोंदट खोली, एक हंडा, प्लास्टिकचा एक पिंप, आणि लोकांनी पिऊन टाकलेल्या बाटल्या.

आणि त्या बाटल्याच गेल्या उन्हाळ्यात फुटल्या.

तिचीच चूक. घाई नडली. नववर्षाच्या जेवणाला सगळ्यांच्या नाकावर टिच्चून आपली बिअर ठेवायची म्हणून तिने पिंपातली खळबळ पुरती थांबायच्या आधीच भरायला घेतली, वर फेस चांगला यावा म्हणून साखर जरा सैल हाताने घातली, आणि लिटरच्या जाड बाटल्या पुरेनात म्हणून मिनरल वॉटरच्या, सफरचंदाच्या रसाच्या, असतील नसतील त्या पातळ काचेच्या बाटल्यांवर झाकणं ठोकली. त्या बाटल्या कधी दाबाखाली राहिलेल्याच नसतात. डिसेंबरअखेरची दुपार, इकडचा ऐन उन्हाळा, बाहेर पान हलत नव्हतं, सगळे आडवे झालेले — आणि पहिली फुटली. मग दुसरी. मग पहिल्या दोघींचं ऐकून बाकीच्यांनीही ठरवल्यासारखं केलं. आई पलंगावर उठून बसली, छातीवर क्रूस काढत ओरडली, "भूकंप! भूकंप!" धुतलेल्या चादरी बिअरने चिंब, दाराच्या लाकडात काचेचा तुकडा रुतलेला, मांजर तीन दिवस घरात फिरकलं नाही. कुणाला लागलं नाही हे नशीब. पण त्या दिवशी दारात उभं राहून ओस्वाल्दो हसला, ते हसू... फुटलेली काच तरी झाडून काढता येते.

आता तशी एकही पातळ बाटली खोलीत नव्हती. फक्त लिटरच्या तपकिरी, वर्षानुवर्षं दुकानातून कारखान्यात आणि कारखान्यातून दुकानात फिरलेल्या, अंगावर पांढरे ओरखडे पडलेल्या. आणि नाताळात पितात त्या सिद्राच्या, सफरचंदाच्या फेसाळ दारूच्या, काही, त्या तर शँपेनसारख्या जाड. पण त्यांचं तोंड जरासं जास्त रुंद, त्यांना झाकण वेगळं लागतं, नेहमीचं ठोकलं तर बसल्यासारखं दिसतं आणि रातोरात सगळा जीव निघून जातो. हेही ती चुकूनच शिकली. हिरव्या नाहीत, पांढऱ्या तर मुळीच नाहीत — त्यांना ऊन लागलं की आतल्या बिअरला झोरिनोने, त्या घाण फवारणाऱ्या रानजनावराने, शेपटी उचलल्यासारखा वास मारतो. फिरवून झाकण लावायच्या, पेचाच्या तोंडाच्या नाहीत. दोन वर्षांत ती बाटली हातात घेण्याआधी तिचं तोंड बघायला शिकली होती.

"ए काडी!"

फाटक वाजलं. ओस्वाल्दो आला होता, जेवणाच्या कितीतरी आधी, गाडी चालूच ठेवून. लहानपणापासून तो तिला काडीच म्हणायचा. आता ती काही काडी राहिली नव्हती, पण हे त्याला सांगायचं कुणी.

"तुझ्याकडे लिटरच्या रिकाम्या असतील ना? सहाएक दे बघू पटकन."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? रिकाम्या दिल्याशिवाय दुकानदार भरलेल्या देतो का? आमच्या घरात एक सापडली तर शपथ."

"पण बिअर आहे, ओस्वाल्दो. मी केलीय."

"आहे की! कोण नाही म्हणतंय?" तो तिच्याकडे न बघता गाडीच्या किल्ल्या बोटाभोवती फिरवत होता. "पण आपली असू दे सोबतीला. ऐंशी वर्षं झाली म्हातारीला, तिच्या घशाला कोरड पडायला नको. मागच्या वेळी काय झालं ते... जाऊ दे. दे ना लवकर, दुकान बंद करेल तो."

आणि तिने दिल्या. माझीच बिअर नको म्हणून दुकानातली आणायची, आणि ती आणायला बाटल्या माझ्याच — आणि मी दिल्या! त्याही कुठल्या? कोपऱ्यात न धुतलेल्यांचा ढीग पडला होता, त्यातल्या देता आल्या असत्या. पण हात गेला तो फळीवर उपड्या घातलेल्या, धुऊन, उकळत्या पाण्याने खंगाळून, दिव्यासमोर धरून तपासलेल्या बाटल्यांकडे. एकेका बाटलीमागे किती वेळ जातो ते त्याला काय माहीत. सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर भिजवायची, लेबल सोलायचं, खालचा डिंक तारेच्या चोथ्याने खरवडायचा, मग आत नाक घालून हुंगायचं — कारण लुचोच्या बारमधून आणलेल्या बाटल्यांत लोक सिगरेटी विझवतात, आणि एका थोटकाने अख्ख्या लिटरला राखेची चव येते. मग लांब ब्रश, मग पुन्हा पाणी. ओस्वाल्दोने सहा बाटल्या खोक्यात कोंबल्या, "तू म्हणजे सोनं आहेस, काडी" म्हणाला, आणि गेला. धूळ बराच वेळ तशीच तरंगत राहिली.

चिडायचं असतं ते त्या क्षणी चिडायचं. नंतर भांडी घासताना चिडण्यात काय अर्थ आहे? तरी ती चिडली, आणि चिडता चिडता तिला लुचो आठवला. बारच्या मागच्या दारातून रिकाम्या बाटल्यांची पोती उचलताना एकदा तो डोळे बारीक करून म्हणाला होता, "एलिदा, तू ह्या टाकून दिलेल्या बिचाऱ्यांना दुसरं आयुष्य देतेस. स्वतःसारखंच, नाही का?" वर हात छातीवर. ती रागाने पोतं फरफटत घरी आली होती. मी काय बाटली आहे? मला काय कुणी पिऊन टाकलीय? बाटली घेते ती काच जाड असते म्हणून, फुकट मिळते म्हणून. प्रत्येक गोष्टीत बायकांचं दुःख शोधणाऱ्या माणसांनी आपली बिलं आधी वेळेवर भरावीत.

हे आठवून तिला हसू आलं. राग तेवढाच पातळ झाला.

दुपारपर्यंत अंगणात धूर धरला. टिटो मामा — आईचा धाकटा भाऊ, म्हणजे तोही पंचाहत्तरीचा — कोकरू लोखंडी क्रुसावर ताणून बांधून विस्तवाशी बोलत बसला होता. डोंगराकडून वारा आला की बिअरला कडूपणा देणाऱ्या हॉप्सच्या मळ्यांचा वास येई, हिरवा, कडसर. तोडणी चालू होती, गेल्या तोडणीला ती स्वतः त्या मळ्यात राबली होती, आणि एप्रनच्या खिशांत भरून आणलेली फुलंच हंड्यात पडली होती. ती फुलं आता बाटल्यांत होती. चांगली किंवा वाईट...

बाटल्या तिने स्वतः अंगणात आणल्या. सगळ्यांवर लेबलं होती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं — वहीच्या कागदावर रंगीत पेन्सिलीने काढलेली हॉप्सची फुलं, मध्ये वळणदार अक्षरात 'एतेल्विना', खाली 'ऐंशी'. प्रत्येकावर फूल जरा वेगळं. दुधाने चिकटवली होती. दुधाने लावलेला कागद वाळला की झकास बसतो आणि पुढच्या वेळी बाटली धुताना पाण्यात बुडवली की अलगद सुटतो, खरवडाखरवडी नाही. ही युक्ती तिला मळ्यातल्या एका बाईने दिली होती आणि तिचा तिला फार अभिमान होता.

आई बाहेर आली. नळ्या काढल्या होत्या, केस शिंपल्यांसारखे वळले होते. तिने एक बाटली लांब धरून, चष्म्याखालून, स्वतःचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाली, "वळण माझ्या शाळेतलं आहे." बस, एवढंच. एलिदाला ते बरं म्हणायचं की वाईट ते कळेना.

मग ती सॅलडचे टोमॅटो चिरायला आत गेली. ओस्वाल्दो दुकानातून आला ते तिने ऐकलं, मारिसाचं खिदळणं ऐकलं, बर्फाची पोती आपटल्याचं ऐकलं. बाहेर आली तेव्हा सगळ्या बाटल्या पत्र्याच्या मोठ्या टबात बर्फाच्या पाण्यात उभ्याआडव्या बुडाल्या होत्या, तिच्या आणि दुकानातल्या, एकत्र. आणि पाण्यावर कागद तरंगत होते. कारखान्याचे छापील सोनेरी, आणि तिचे... फुलं पाण्यात उतरत होती, 'एतेल्विना'तला 'ना' एका बर्फाच्या तुकड्याला चिकटला होता.

दुधाने लावलेला कागद पाण्यात अलगद सुटतो. सुटतोच. मग मूर्खासारखी...

"अरे अरे," टिटो मामा वाकून म्हणाला, "एतेल्विना, तुझ्या लेकीने तुझं नाव बुडवलं की गं!"

सगळे हसले. आईही. तिचा वाढदिवस होता, हसणारच. एलिदा ओल्या हातांनी तिथेच उभी राहिली. सगळ्या बाटल्या आता सारख्या — त्याच तपकिरी, त्याच ओरखड्यांच्या, तशीच सोनेरी झाकणं, फक्त दुकानातल्यांच्या झाकणावर छाप आणि तिच्यांवर काही नाही. आणि झाकण कोण बघतं? टिटो मामा तर सुरीच्या पाठीने एका फटक्यात झाकण उडवायचा, ते गवतात कुठे जाई ते त्यालाही कळत नसे.

कोकरू कापलं गेलं. पावाची टोपली फिरली. आईच्या लग्नातले रंगीत अ‍ॅल्युमिनियमचे पेले निघाले होते, निळा, लाल, जांभळा, आणि आत काय ओतलंय त्याचा रंग कुणाला दिसत नव्हता. मामाने टबात हात घालून हाताला लागली ती बाटली काढली, झाकण उडवलं, सगळ्यांना ओतलं. एलिदाच्या हातात लाल पेला आला. तिने तो ओठांना लावला नाही. तिचं सगळं लक्ष ओस्वाल्दोच्या तोंडाकडे — का? मी माझ्या जिभेने का नाही चाखली? — त्याने घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला, आणि मान एका बाजूला कलती केली. ती मान ती लहानपणापासून ओळखत होती.

"काडी," तो हळू म्हणाला. अगदी प्रेमाने. "मनाला लावून घेऊ नकोस हं. पण ही तुझी असणार."

"का?" मारिसाने विचारलं.

"पाणचट आहे गं. जीव नाही हिच्यात. फुटली नाही हे खरं, तेवढी प्रगती आहे..."

"पहिल्यांदा असंच होतं," मारिसा घाईघाईने म्हणाली. "माझा पहिला केक आठवतो ना? कुत्र्याने खाल्ला नाही."

कुणीतरी मीठ मागितलं. आईने एक घोट घेतला, निळा पेला टेबलावर ठेवला आणि तो बोटाने थोडा पुढे सारला, फक्त थोडा, ताटलीत नको असलेलं हाड सारावं तसा. एवढं पुरे होतं.  एलिदाला बरण्या दिसल्या. फळीवर रांगेने लाल बरण्या, हंड्यात चादरी, आणि आपण त्या चादरी काठीने ढवळतोय... ठीक आहे. ठीकच आहे. कुणाला सगळंच थोडं जमतं? मळ्यात काम मिळेल, शाळेच्या स्वयंपाकघरात विचारता येईल. मी रडणार नाही. आईच्या वाढदिवसाला तर नाहीच नाही.

"चला, तोंडाची चव बदला," ओस्वाल्दो म्हणाला आणि स्वतः टबाकडे गेला. "माझी कुठेय... ही. हिची मान बघूनच कळतं." झाकण उडालं. फूस्स — आणि मागून फेस, पांढरा, जाडसर, बाटलीच्या मानेतून चढत आला, सांडला नाही, काठाशी येऊन थांबला. त्याने स्वतःला आणि मारिसाला ओतली. आईच्या पेल्यातली उरलेली मामाने गवतात फेकली आणि तिच्यासाठी नवी घेतली.

ओस्वाल्दो प्यायला. मिशीवर फेस. डोळे मिटले.

"वा! आता बोला. ही खरी बिअर. बघ काडी, बघ — कडू आहे, पण टोचत नाही. मागून फुलासारखं काहीतरी येतं. हे घरच्या हंड्यात होत नसतं. त्याला कारखाना लागतो, शिकलेली माणसं लागतात, यंत्रं लागतात..."

 आई पीत होती. पेला खाली ठेवला तेव्हा रिकामा होता, आणि तिने तो मामापुढे धरला.

मागून फुलासारखं काहीतरी. एलिदाने मान वर केली. मागून फुलासारखं... बाटली ओस्वाल्दोच्या ताटलीशेजारी उभी होती, उन्हात. तपकिरी काचेतून ऊन आरपार येत होतं, आणि तळाशी, काचेच्या अगदी बुडाला, करड्या पांढऱ्या सायीसारखा एक पातळ थर होता. बाटली हलली की थर एका कडेने किंचित उठायचा आणि पुन्हा बसायचा.

गाळ. यीस्टचा गाळ.

कारखान्याच्या बिअरला गाळ नसतो. ते गाळून, धुऊन, नितळ करून भरतात, त्यांच्या बाटलीचा तळ आरशासारखा स्वच्छ. गाळ फक्त त्या बिअरला, जी बाटलीतच झाकणाखाली जिवंत राहिलेली असते, चमचाभर साखर खाऊन अंधाऱ्या खोलीत आपला फेस आपणच तयार करते. एल बोल्सोनच्या ह्या आळीत, ह्या अंगणात, ह्या टबात, तळाशी गाळ असलेल्या बाटल्या एकाच बाईच्या.

तिने हातातला लाल पेला आता ओठांना लावला. तो पहिल्या बाटलीचाच होता, तसाच भरलेला. पाणचट. खरंच पाणचट होती, ओस्वाल्दोची जीभ खोटी नव्हती. फक्त त्याने नाव चुकीचं लावलं, आणि मी... मी न चाखता मान खाली घातली. त्याने सांगितलं आणि मला पटलं! माझ्याच बिअरबद्दल!

तिने लाल पेला बाजूला ठेवला, मारिसाचा अर्धा भरलेला जांभळा उचलला — "मला दे गं जरा" — आणि प्यायली. आधी थंडपणा. मग कडसर, हिरवं, वारा आल्यावर मळ्यातून येतं तेच. मग मागून जिभेवर पसरणारं ते... आहे. आहे! बाई गं, आहे. झाली. जमली. कानशिलं तापली, पायातून वर काहीतरी धावत आलं, आणि तिला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, मांजराला सांगावंसं वाटलं, त्या कोकराच्या हाडांना सांगावंसं वाटलं.

पण ती बोलली नाही. अजून नाही. गेल्या उन्हाळ्यात घाई केली आणि भोगलं. आता कसली घाई? साऱ्या खोऱ्यात ह्या क्षणी हे फक्त तिला ठाऊक होतं, आणि ओस्वाल्दो बोलतच होता. बोल, दादा. बोल. बोल ना.

"...आणि पाणी! पाण्यावर सगळं असतं," तो मामाला समजावत होता. "त्यांचं पाणी वेगळं. हे लोक चव घेऊन पगार घेतात, पगार! घरी बसून कुणीही उठून बिअर करायला लागलं तर—"

"आणखी ओत रे," आई म्हणाली.

"बघ! म्हातारीलाही कळतं! म्हातारे, सांग तिला, कशी आहे?"

आईने हाताच्या पाठीने ओठ पुसले. "ऐंशी वर्षांत प्यायलेल्यांत वाईट नाही," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे म्हणजे आकाशातून फुलं पडल्यासारखं. नवऱ्याबद्दलही ती एवढं कधी बोलली नव्हती.

आता.

"ओस्वाल्दो," एलिदा म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज खालच्या पट्टीतला, निवांत ऐकू आला. "बाटलीचा तळ बघ."

"काय?"

"तळ. उन्हात धर."

त्याने धरली. डोळे बारीक केले. बाटली हलवली आणि गाळ उठला, ढगासारखा, आणि उरलेली बिअर गढूळ झाली. त्याचं तोंड उघडं राहिलं.  मग टिटो मामा कंबरेला हात लावत वाकला, गवतात चाचपडला आणि दोन झाकणं घेऊन उठला, एकावर कारखान्याचा छाप, एक कोरं. त्याने दोन्ही ओस्वाल्दोच्या ताटलीत ठेवली, अगदी गंभीर चेहऱ्याने.

"पहिलीचं हे," छापाकडे बोट दाखवून तो म्हणाला. "तुझ्या शिकलेल्या माणसांची. पगारवाल्यांची."

आईला हसू फुटलं. आधी खांदे, मग पोट, मग ती टेबलाची कड धरून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी, कवळी सावरत. "पाणचट!" ती म्हणत होती. "जीव नाही हिच्यात! अरे माझ्या बाळा!" मारिसा टेबलावर डोकं ठेवून हसत होती. मामा विस्तवाला सांगत होता. ओस्वाल्दो कानापर्यंत लाल झाला, एकदा बाटलीकडे, एकदा बहिणीकडे बघत राहिला, आणि मग — हे त्याचं एक आहे, तो मनाने कोता नाही — स्वतःच आधी फस्सकन आणि मग पोट धरून हसला.

"मग गप्प का बसलीस तू? बोलायचं ना!"

"तू इतकं छान बोलत होतास," एलिदा म्हणाली. "मध्येच कशी तोडणार?"

त्यावर आणखी एक हशा. आईने हात पुढे करून बाटली मागितली. तळचा गढूळ घोट तिने आपल्या पेल्यात ओतून घेतला, कुणी नको नको म्हणेपर्यंत पिऊन टाकला. "माझ्या आईच्या सफरचंदाच्या दारूला असाच गाळ असायचा," ती म्हणाली. "तो आम्ही पोरं चोरून चाटायचो." आणि एलिदाकडे असं बघितलं की... काय होतं त्या बघण्यात? शाबासकी? तसं नव्हतं. आपल्याच घरात राहणारं कुणीतरी पहिल्यांदा दिसल्यासारखं. मग कोकराची दुसरी फेरी आली, आणि टबात हात घालून जो तो झाकण आधी बघायला लागला. छाप असलेली निघाली की "ही तुझी रे, ओस्वाल्दो!" म्हणून पुन्हा पाण्यात. कोरी निघाली की टाळ्या.

जेवणं झाली. केक झाला, मेणबत्त्या मामाने फुंकल्या कारण आईला हसून हसून दम उरला नव्हता. आई पेरच्या झाडाखाली खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी घ्यायला लागली. खोलीबद्दल ती एक अक्षर बोलली नव्हती. ना हो, ना नाही. उद्या उठून ती म्हणेल, झालं ते झालं, बरण्यांना जागा हवीच. ती म्हणू शकते. ती एतेल्विना आहे. एलिदा रिकाम्या बाटल्या गोळा करून मागच्या नळावर आली, कारण गाळ वाळायच्या आत धुतला तर एका पाण्याने निघतो, वाळला की दगड होतो. पाणी गार होतं. एक बाटली, खळखळ, उपडी. दुसरी. तिच्या लक्षात आलं की आपण पुढच्या खेपेचा विचार करतोय — हॉप्स जरा उशिरा घालायचे, वास जास्त राहील, थंडी लागली की पिंपाभोवती घोंगडी गुंडाळायची — आणि ह्या विचारात 'आई हो म्हणाली तर' असं कुठे आलंच नव्हतं.

"इथेय होय तू," मागून मारिसा आली. तिच्या हातात एक बाटली होती, निळ्या काचेची, उंच, नाजूक नक्षीची, महागड्या दारूची असावी. "ही घे. गाडीतच पडली होती. कित्ती सुंदर आहे बघ! हिच्यात भर, पुढच्या वेळी टेबलावर शोभेल."

मारिसा नेहमी काहीतरी द्यायची. दोन वर्षांत तिचे दोन स्वेटर, एक कोट, खांद्याला सैल होणारा, तिच्या आईचा जुना पलंग, ओस्वाल्दोने न वाचलेलं स्वतःला सावरण्याबद्दलचं एक पुस्तक. सगळं एलिदाने घेतलं होतं. दोन्ही हातांनी, किती छान गं म्हणत. नाही म्हणायला आपल्याकडे काहीतरी असावं लागतं.

तिने निळी बाटली हातात घेतली. अंगठ्याने तोंडाची कड तपासली. उजेडात धरली, काचेची जाडी बघितली, मारिसाला परत दिली.

"नको," ती म्हणाली.

"नको? अगं पण—"

"काच पातळ आहे. आणि तोंडाला पेच आहे, झाकण बसणार नाही."

मारिसा बाटलीकडे बघत राहिली, तिचा गुन्हा काय ते शोधत असल्यासारखी. मग तिने विचारलं, आणि तिच्या आवाजात दया नव्हती, होती ती थोडी अडखळ, दुकानात नीट न समजलेल्या गिऱ्हाइकाची असते तशी: "मग... कसली आणू?"

एलिदाने नळ बंद केला नाही. तो 'नको' अजून तिच्या तोंडात होता, आणि त्याला कुठलीच वाईट चव नव्हती. राग नाही, उपकार नाही, माफी तर नाहीच. कोणी रुसलं नव्हतं. पेरच्या झाडाखाली आई घोरत होती. इतकं सोपं असतं हे?... इतकं सोपं होतं आणि मी इतकी वर्षं... असू दे. इतकी वर्षं जाऊ देत.

"तपकिरी," ती म्हणाली. "जाड. आणि आणण्याआधी आत हुंगून बघ."

मारिसाने मान डोलवली. एलिदा पुढच्या बाटलीकडे वळली, आणि पाण्याचा आवाज मोठा होता म्हणून, की आणखी कशामुळे, तिला कळलंच नाही आपण केव्हापासून गुणगुणतोय ते.